तापलेल्या तारेचा हिशेब

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ सेल नावाचे गाव आहे. तिथल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत एका थडग्यावर नावासोबत एक आकडा कोरलेला आहे, ७७२.५५. तो जन्माचा नाही, मृत्यूचाही नाही. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायचे असेल, तर तेवढी उष्णता मिळवायला ७७२.५५ पौंडांचे वजन एक फूट खाली आले पाहिजे, असा त्याचा अर्थ. आयुष्याची चाळीसेक वर्षे माणसाने ज्या प्रश्नात घालवली, त्याचे उत्तर थडग्यावर कोरलेले क्वचितच पाहायला मिळते. हा माणूस म्हणजे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

ज्यूल हे नाव आपण रोज वाचतो, फक्त तिकडे लक्ष जात नाही. बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरीशेजारी किलोज्यूल छापलेले असतात. अतिदक्षता विभागात बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देतात, तेव्हा यंत्रावर दीडशे किंवा दोनशे ज्यूल असा आकडा लावतात. आणि गाडीत मोठ्या आवाजाची साउंड सिस्टीम बसवताना मेकॅनिक जो इवलासा फ्यूज लावतो, किंवा लावायचा टाळतो, त्यामागेही ज्यूल यांनी विशीत असताना शोधलेला नियम असतो. हा फ्यूज चुकला तर गाडी पेटू शकते. म्हणून या माणसाची गोष्ट सांगताना त्या फ्यूजचीही सांगायला हवी.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डमध्ये झाला. वडील बीअर गाळण्याच्या मोठ्या कारखान्याचे मालक, घरी पैशाला तोटा नव्हता. मुलाची तब्येत मात्र नाजूक होती. पाठीच्या कण्यात दोष होता, अंगात ताकद कमी होती. त्यामुळे त्याला शाळेत न पाठवता घरीच शिकवले गेले. आजारपणामुळे वर्गाबाहेर राहिलेली मुले पुष्कळदा एकटी पडतात. जेम्सच्या सोबतीला मोठा भाऊ बेंजामिन होता आणि या दोघांना शिकवायला १८३४ मध्ये जो शिक्षक मिळाला, तो होता जॉन डाल्टन. अणुसिद्धांत मांडणारा तोच डाल्टन. मुलांना रसायनशास्त्र हवे होते. साठी ओलांडलेल्या गुरुजींनी आधी अंकगणित आणि भूमिती घोटून घेतली. पुढे १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय तोवर जेम्सच्या हाडात मुरली होती.

डाल्टन यांची आणखी एक ओळख वैद्यकात आहे. त्यांना लाल आणि हिरवा रंग नीट वेगळे ओळखता येत नसत आणि या दोषाचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांनी स्वतःवरून केले. त्यांचा डोळा मृत्यूनंतर जपून ठेवला गेला. १९९५ मध्ये त्यातील डीएनए तपासल्यावर दोष नेमका कोणता होता तेही कळले. हे इथे सांगायचे कारण असे की आजच्या गाड्यांतील पात्यांच्या फ्यूजना रंगावरून ओळखतात. लाल म्हणजे १० अँपिअर, पिवळा २०, हिरवा ३०. दर शंभर पुरुषांमागे काही जणांना हा लाल-हिरव्याचा दोष असतो आणि अनेकांना तो माहीतही नसतो. फ्यूज बदलताना रंगावर न जाता पाठीवर छापलेला आकडा वाचावा. डाल्टन यांनाही तेच करावे लागले असते.

विजेचे वेड या दोन भावांना लवकर लागले. बॅटरीचे झटके ते एकमेकांना देत, घरच्या नोकरांनाही देत. आज कोणत्याही नीतिसमितीने असला उद्योग पहिल्याच दिवशी बंद केला असता. पंधराव्या वर्षाच्या सुमारास जेम्स कारखान्यात काम करू लागला. दिवसभर बीअरचे हिशेब आणि तापमानाच्या नोंदी, सकाळी लवकर आणि रात्री स्वतःचे प्रयोग. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही आणि प्राध्यापकही तो कधी झाला नाही.

सुरुवातीचा त्याचा हेतू तर निव्वळ धंद्याचा होता. कारखान्यातील वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर बसवली तर खर्च वाचेल का, हा प्रश्न. त्या काळात वीज बॅटरीतून येई आणि बॅटरीत जस्त खर्च होई. ज्यूल यांनी मोटरी बनवल्या, मोजमाप केले आणि उत्तर निराशाजनक आले. एक पौंड कोळसा जाळून उत्तम वाफेचे इंजिन जेवढे काम करी, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा काम एक पौंड जस्तातून होत होते. आणि जस्त कोळशाहून कितीतरी महाग. दुसरा कोणी असता तर नाद सोडून मोकळा झाला असता. ज्यूल यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. वाया जाते ते जाते कुठे? मोटरीच्या तारा तापतात, हे हाताला कळत होते. किती तापतात, हे कोणी नीट मोजले नव्हते.

१८४० मध्ये त्यांनी ते मोजले. काचेच्या नळीवर तार गुंडाळायची, ती पाण्याच्या भांड्यात बुडवायची, ठरावीक वेळ वीज सोडायची आणि पाणी किती अंशांनी तापले ते बघायचे. तारेची जाडी बदलायची, वीज कमीजास्त करायची, पुन्हा बघायचे. निष्कर्ष असा निघाला की उष्णता तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. दहापट झाला तर शंभरपट. हा निबंध त्यांनी रॉयल सोसायटीकडे पाठवला तेव्हा त्यांचे वय २१ होते. सोसायटीने त्याचा केवळ गोषवारा छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला. रशियात लेंझ यांनी स्वतंत्रपणे हाच नियम शोधला, म्हणून काही ठिकाणी त्याला ज्यूल-लेंझ नियम म्हणतात.

फ्यूज म्हणजे या नियमाचा सर्वांत साधा उपयोग. परिपथात एक जागा मुद्दाम कमजोर ठेवायची. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आधी तीच जागा तापून वितळावी आणि बाकीची तार वाचावी. ज्यूल हयात असतानाच, १८८० च्या दशकात विजेचे दिवे आले आणि सहज वितळणारे धातू या कामी वापरले जाऊ लागले.

आता गाडीतला हिशेब. डिकीत सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवणारी तरुण मंडळी एकच विचारतात, किती वॅटचा? खोक्यावर दोन हजार छापलेले असते, पण ते क्षणिक शिखराचे आकडे असतात, त्यांना फारसा अर्थ नाही. माहितीपत्रकात आरएमएस म्हणून दिलेला आकडा बघावा. समजा तो ४०० वॅट आहे. आजचे डी वर्गातले अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के आवाजासाठी वापरतात, म्हणजे ४०० वॅट द्यायला ५०० वॅट घ्यावे लागतात. इंजिन चालू असताना गाडीचा दाब साडेतेरा व्होल्टच्या आसपास असतो. ५०० भागिले १३.५ म्हणजे ३७ अँपिअर. इथे ४० अँपिअरचा फ्यूज योग्य. जुन्या एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर निम्म्याच्या जवळपास वीज उष्णतेत जाते, मग तेवढ्याच आवाजाला प्रवाह बराच जास्त लागतो. घरातल्या टीव्हीला अर्धा अँपिअरही पुष्कळ होतो, ही तुलना ध्यानात ठेवावी. दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो, आणि तार तापवतो तो प्रवाह.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवण्यासाठी असतो असे लोकांना वाटते. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा फ्यूज त्याच्या अंगावर असतोच. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो तारेसाठी. ही जाड तार बॉनेटखालून निघते, पत्र्याच्या भोकातून आत येते, गालिचाखालून आणि सीटच्या रुळांजवळून डिकीपर्यंत जाते. गाडीचा सारा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तारेवरचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून कुठेही फाटले, की परिपथ तिथेच पूर्ण होतो.

पुढे काय होते ते ज्यूल यांच्या पद्धतीनेच मोजता येते. आठ गेजची तांब्याची पाच मीटर तार घेऊ. तिचा रोध सुमारे शंभरांश ओहम. ४० अँपिअरला ती १६ वॅट उष्णता देते आणि पाच मीटरभर पसरल्यामुळे ती जेमतेम कोमट होते. शॉर्टसर्किट झाल्यावर मात्र अडवणारे कोणी उरत नाही. गाडीची बॅटरी सहज ४०० अँपिअर देऊ शकते, त्याहून जास्तही. प्रवाह दहापट, उष्णता शंभरपट, म्हणजे १६०० वॅट. दीड इस्त्रीची उष्णता गालिचाखाली. या तारेत तांबे चारशे ग्रॅमच्या आतच असते, त्यामुळे तिचे तापमान दर सेकंदाला सुमारे ११ अंश सेल्सिअसने चढते. दहा-पंधरा सेकंदांत प्लास्टिकचे आवरण मऊ होऊ लागते, मग ते धुमसते. आवरण जळू लागले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि आम्लयुक्त वायू निघतात, आणि बंद केबिनमध्ये ज्वाळांच्या आधी तो धूर माणसाला बेशुद्ध करतो. भाजलेल्या रुग्णांमध्ये श्वासमार्ग होरपळलेला असेल तर जीव वाचवणे फार अवघड होते, हे कोणत्याही सरकारी रुग्णालयातील जळीत कक्षात काम केलेल्याला ठाऊक असते.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वितभर अंतरावर असला तर उत्तम, पण दीड फुटाच्या पुढे नको. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणीही वाली नसतो. फ्यूजचा आकडा तार किती प्रवाह सोसते त्याहून कधीही मोठा नसावा. अ‍ॅम्प्लिफायरला जास्त प्रवाह लागत असेल तर जाड तार घ्यावी, फक्त फ्यूज मोठा करून भागत नाही. दोन अ‍ॅम्प्लिफायर असतील आणि मधूनच दोन बारीक तारा फुटत असतील, तर प्रत्येक बारीक तारेला तिचा वेगळा फ्यूज लागतो. स्वस्त तारांमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला दीडपट उष्णता. दुकानात दोन्ही सारख्याच दिसतात.

फ्यूज वारंवार जातो म्हणून ३० च्या जागी ६० चा लावणे हा तर आपला राष्ट्रीय उपाय आहे. सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावणे त्याच जातीतले. ६० अँपिअरला तार ३० च्या चौपट तापते, दुप्पट नव्हे. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार. फ्यूजही काही जादूगार नाही. आकड्याहून दहा टक्के जास्त प्रवाह तो तासन् तास सोसतो, दुप्पट प्रवाहावर काही सेकंदांत तुटतो. आणि त्याला फक्त प्रवाह कळतो. नटबोल्ट सैल राहिला, जोडाचा रोध वाढला, तर प्रवाह न वाढताही तो जोड लाल होईपर्यंत तापू शकतो आणि फ्यूज शांत बसून राहतो. बसवून झाल्यावर अर्धा तास गाणी वाजवून प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन बघावे. चटका बसला तर जोड पुन्हा करावा.

ज्यूल यांच्याकडे वळू. तारेतली उष्णता मोजली, पण ती आली कुठून? त्या काळचे बहुतेक विद्वान उष्णतेला एक अदृश्य द्रव मानत. तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, नव्याने निर्माण होत नाही. ज्यूल यांना दिसत होते की हाताने जनित्र फिरवले तरी तार तापते. म्हणजे फिरवण्याच्या श्रमाचीच उष्णता होते. १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे त्यांनी हे मांडले. सभेत कोणी काही बोललेच नाही. बीअरवाल्याच्या मुलाने थर्मामीटरच्या बारीक रेघा वाचून एवढा मोठा दावा करावा, हे पटणारे नव्हते.

योगायोग असा की याच कल्पनेपर्यंत एक डॉक्टर आधीच पोहोचला होता. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन वैद्य १८४० मध्ये जहाजावर डॉक्टर म्हणून जावा बेटावर गेला होता. खलाशांचे रक्त काढताना त्याला शिरेतले रक्त नेहमीपेक्षा जास्त लाल दिसले. उष्ण हवामानात शरीराला तापमान टिकवायला कमी इंधन जाळावे लागते, म्हणून प्राणवायू कमी खर्च होतो, असा त्याने अर्थ लावला आणि तिथून उष्णता व श्रम एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, या निष्कर्षावर तो आला. पुढे मान कोणाचा यावर दोन्ही देशांत बराच वाद झाला. कल्पना आधी मायरची, पण प्रयोगांनी ती पक्की केली ज्यूल यांनी, असे म्हणणे न्यायाचे होईल.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग दिसायला अगदी घरगुती. पाण्याने भरलेल्या तांब्याच्या भांड्यात रवीसारखी पाती. दोरीला बांधलेली, प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची शिशाची दोन वजने खाली येतात आणि पाती पाणी घुसळतात. असे वीस वेळा करायचे. एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापे अर्ध्या अंश फॅरनहाइटहून किंचित जास्त. खोलीत माणसाच्या अंगाची ऊबही हिशेब बिघडवू शकते, अशी ही मोजणी. मँचेस्टरचे उपकरणकार डान्सर यांनी त्यांना अतिशय सूक्ष्म थर्मामीटर बनवून दिले होते आणि तापमानावर डोळा ठेवण्याची सवय कारखान्याने लावली होती. बीअर बिघडते ती एकदोन अंशांनीच.

१८४७ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात सामान्य लोकांपुढे हा सगळा सिद्धांत सांगितला. ते व्याख्यान मँचेस्टर कुरिअर या स्थानिक वर्तमानपत्राने छापले, कारण भाऊ बेंजामिन तिथे संगीतावर लिहीत असे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचे एक मूळ विवेचन शास्त्रीय नियतकालिकाऐवजी वर्तमानपत्रात आले, हे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यांना सुखावणारे आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी त्यांना थोडक्यात आटपायला सांगितले. चर्चा न होताच विषय संपला असता, पण तेवीस वर्षांचा विल्यम थॉमसन उठून बोलू लागला. हाच पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला सगळे पटले नव्हते, पण दुर्लक्ष करण्यासारखे हे नाही, एवढे त्याने ओळखले. ऑगस्टमध्ये ज्यूल यांचे अमेलिया ग्राइम्सशी लग्न झाले. मधुचंद्राला हे जोडपे आल्प्समध्ये असताना थॉमसनशी वाटेत गाठ पडली आणि ज्यूल यांच्या हातात लांब थर्मामीटर होते, धबधब्याच्या पायथ्याचे पाणी माथ्यापेक्षा गरम असते का ते बघायला ते निघाले होते, अशी आठवण थॉमसन पुढे सांगत. थर्मामीटरचा भाग कदाचित नंतर रंगवलेला असेल.

थॉमसनबरोबर त्यांनी दहा वर्षे काम केले. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून सोडला की थंड होतो, हा या दोघांच्या नावाचा परिणाम. पुढे याच तत्त्वावर हवेचे द्रवीकरण मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. रुग्णालयांच्या आवारातील द्रवरूप प्राणवायूच्या पांढऱ्या टाक्यांमागे हे काम आहे. त्याआधी स्कोर्सबी यांच्यासोबत त्यांनी घोड्याचाही हिशेब मांडला होता. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी सुमारे पाव भाग घोडा कामात उतरवतो, वाफेच्या तत्कालीन इंजिनाहून कितीतरी सरस. माणसाच्या स्नायूंचा आकडाही जवळपास तेवढाच भरतो, हे शरीरक्रियाशास्त्राने नंतर दाखवले.

मान हळूहळू मिळाला. १८५० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८७० मध्ये कोप्ली पदक. घर मात्र लवकर मोडले होते. १८५४ मध्ये तिसरे मूल जन्मल्यावर थोड्याच काळात गेले आणि अमेलियाही गेली. दोन लहान मुले मागे राहिली. ज्यूल यांनी पुन्हा लग्न केले नाही. कारखानाही त्याच सुमारास विकला गेला. सत्तरच्या दशकात पैशाची चणचण सुरू झाली, तेव्हा सरकारने वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी, १८७८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पाणी घुसळण्याचा प्रयोग शेवटचा केला आणि ७७२.५५ हा आकडा काढला. आजच्या मोजणीनुसार तो ७७८ च्या आसपास आहे. चूक एका टक्क्याहूनही कमी.

१८८९ च्या उन्हाळ्यात पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव दिले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल येथील घरी त्यांचे निधन झाले. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये प्रवेश करताना आज दोन पुतळे समोरासमोर दिसतात. एक ज्यूल यांचा, दुसरा त्यांना अंकगणित घोटायला लावणाऱ्या डाल्टन यांचा.